एक्सरे काकाजी

गोंदियातल्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी या माणसाच्या हुकमावरून श्वास रोखलेला आहे. सरकारी दवाखान्यात एक्सरे काढण्यात त्यांची उभी नोकरी गेली. गार पाटीला छाती टेकवून, हनुवटी वर करून उभं राहायचं, की पलीकडून आवाज यायचा, "श्वास घ्या जी... रोखा!" मग खटका वाजायचा. त्यानंतर "सोडा" यायला हवं. ते कधीकधी यायचंच नाही, कारण तोवर काकाजींचं मन पेशंटला सोडून कॅसेटमधल्या फिल्मकडे गेलेलं असायचं. बाहेर बाकावर बसलेली मंडळी आतल्या खोकल्यावरून ओळखायची, की याचा फोटो झाला.

पुढे डिजिटल एक्सरे आला. डार्करूममधल्या टाक्या निघाल्या, लाल दिवा निघाला, तिथे फिनाइलचे डबे आणि मोडक्या खुर्च्या आल्या. काकाजी उजेडात आले. उजेड त्यांना मानवला नाही. रिटायर झालेली माणसं आमच्याकडे देवळाच्या कमिटीत शिरतात, नाहीतर बांधीवर जाऊन धुऱ्यावरून सख्ख्या भावाशी भांडतात. काकाजींनी रंगीत स्लाइडी घरच्या घरी धुवायला घेतल्या. त्याही मुदत संपलेल्या रसायनांत.

साध्या रोलची निगेटिव्ह निघते, तिच्यावरून कागदावर फोटो होतो, आणि एकीकडे बिघडलं तर दुसरीकडे थोडंफार सावरता येतं. स्लाइडला ती सोय नाही. कॅमेऱ्यात जी पट्टी होती तीच शेवटी हातात येते, सुलटी, रंगीत, एकुलती एक. काकाजींना नेमकं हेच आवडतं. आयुष्यभर त्यांनी जग उलटं पाहिलं. हाड पांढरं, हवा काळी, काळीज करडं. आता आकाश निळं आणि धान हिरवं असं थेट फिल्मवर पाहायचं, एवढीच त्यांची मागणी. मागणी रास्त आहे. ती पुरी करायला त्यांनी जे सामान जमवलं, त्याबद्दल मात्र घरात आणि मोहल्ल्यात मतभेद आहेत.

"मुदत संपलेलं" हा शब्द त्यांच्यासमोर काढायचा नाही. "तारीख कंपनीनं टाकली," ते म्हणतात, "दवाईले कोणी इचारलं का?" रसायनाला ते दवाई म्हणतात, ही दवाखान्याची सवय. भंडाऱ्याला, बालाघाटला, राजनांदगावला एखादा फोटो स्टुडिओ बंद पडला, की ती बातमी मालकाच्या सोयऱ्यांआधी यांना कळते. मग काकाजी रिकामी पिशवी घेऊन जातात आणि भरलेली घेऊन येतात. घरात अंडं चालत नाही, म्हणून फ्रिजमधल्या अंड्यांच्या खणात रोल बसलेले आहेत. त्यातल्या काहींची मुदत १ मे १९९९ च्या आधी संपलेली आहे, म्हणजे गोंदिया जिल्हा व्हायच्याही आधी. त्यांना काकाजी "भंडारा जिल्ह्याचे रोल" म्हणतात आणि वेगळ्या डब्यात ठेवतात.

एक रोल कोडाक्रोमचा आहे. त्याला कोणी हात लावायचा नाही. गोंदियाहून जबलपूरकडे जाणारी छोटी लाइन चालू होती तेव्हाचा तो रोल, पूर्ण काढलेला, न धुतलेला. कोडाक्रोम ही रंगीत फिल्म १९३५ ची; ती शोधणारे दोघेही, मॅन्स आणि गोडॉव्स्की, मुळात वादक होते. अंधारात घड्याळ दिसत नाही म्हणून ब्राह्म्सची सिम्फनी शिट्टीवर वाजवत ते डेव्हलपिंगची वेळ मोजत. पण कोडाक्रोमची धुलाई इतकी किचकट, की घरी होणं शक्यच नाही. जगातली शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स नावाच्या गावी होती, तिनंही ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घेणं बंद केलं. आता तो रोल फार तर काळापांढरा धुता येईल. "छोटी गाडी काळीपांढरी पाहायची असती तं एक्सरेच काढला असता," काकाजी म्हणतात, आणि डबी परत खणात ठेवतात. आज लाइन मोठी झाली, लॅब बंद झाली, तरी आशा सुटलेली नाही. मला विचाराल तर त्या घरात खरी ताजी असलेली वस्तू तीच.

आता धुण्याचा प्रकार सांगायला हवा, नाहीतर काकाजींच्या पराक्रमाचा अंदाज यायचा नाही. स्लाइडसाठी आज जी पद्धत चालते तिला ई-सिक्स म्हणतात. कोडॅकनं ती १९७६ च्या सुमारास आणली. तिचा कारभार उरफाटा आहे. आधी काळापांढरा डेव्हलपर. जिथे जिथे उजेड पडला तिथली चांदी तो काळी करतो. मग रिव्हर्सल बाथ उरलेल्या चांदीला गाठून पटवतो, की बाई, तुलाही उजेड लागलेला आहे. तिला ते पटतं. मग रंगीत डेव्हलपर येतो आणि तिच्या आजूबाजूला मोरपंखी, किरमिजी, पिवळा असे रंग धरतात. शेवटी ब्लीच आणि फिक्सर मिळून सगळी चांदी काढून नेतात, मागे नुसते रंग. पहिल्या डेव्हलपरला अडतीस अंशांवर सहा मिनिटं द्यायची. तापमानात कंपनी तीन दशांश अंशाची सूट देते. काकाजींनी परस्पर सात वर्षांची घेतली.

यामागे त्यांचा सिद्धांत आहे. पहिला डेव्हलपर म्हातारा झाला, की चांदी पुरती काळी होत नाही; मग मागे जास्त उरते, तिच्यावर जास्त रंग चढतो, आणि स्लाइड काळीकुट्ट निघते. जुन्या फिल्मचं उलटं. तिच्यावर वर्षानुवर्षं धुकं चढलेलं असतं, आणि या उरफाट्या कारभारात धुक्यानं स्लाइड फिकी पडते. काकाजी बोटं नाचवत विचारतात, "दवाई जुनी, स्लाइड काळी. फिल्म जुनी, स्लाइड फिकी. दोन्ही जुनं घेतलं तं? उणे गुणिले उणे?" समोरच्यानं "अधिक" म्हणायचं असतं. म्हटलं नाही तर ते पहिल्यापासून सांगतात.

सिद्धांतात खोट काढणं कठीण, कारण एकदा तो खरा ठरला. अंगणात वड्या घालत बसलेल्या काकीची एक स्लाइड अशी आली, की बघणारे चाट पडले. वड्या पिवळ्या, माती तांबूस, तुळस हिरवी, साडी हिरवी, सगळं जिथल्या तिथे. त्या दिवसापासून हा माणूस कामातून गेला. एकदाही जमलं नसतं तर वर्षभरात विटला असता आणि देवळाच्या कमिटीत दिसला असता. फक्त काकीचं म्हणणं असं, की साडी निळी होती. ती साडी तिनं पुढे भांडेवालीला देऊन स्टीलची गंजी घेतली, त्यामुळे पुरावा उरला नाही. काकाजी म्हणतात तिला आठवत नाही. काकी म्हणते गंजी आहे ना, तिला विचारा.

रोज दवाईची नाडी बघितली जाते. रोलच्या शेपटीचा तुकडा उजेडात डेव्हलपरमध्ये बुडवायचा. काळा पडला की दवाई जिवंत. किती लवकर काळा पडला ते वहीत लिहायचं आणि मुदत संपल्याच्या दर वर्षाला अर्धं मिनिट वाढवायचं. हा वाढीव अर्ध्या मिनिटाचा नियम जगात कुठल्या पुस्तकात नाही. तो अंगणातल्या त्या एका स्लाइडवरून निघाला आहे. बाटल्या खोकल्याच्या औषधाच्या, तपकिरी काचेच्या. डेव्हलपरचा वैरी हवा, म्हणून बाटलीत मोकळी जागा ठेवायची नाही, आणि जागा भरायला काचेच्या गोट्या टाकायच्या. ही युक्ती जुनीच, पण मोहल्ल्यातल्या पोरांना ती पसंत नाही. काकाजींच्या अंगणात गेलेली गोटी परत येत नाही, ती दवाईत जाते. बाटल्यांवर मराठीत "पिऊ नये", हिंदीत "पीना मना है" लिहून खाली कवटी काढली आहे. कवटीचं चित्र अप्रतिम आहे. त्यात मात्र आयुष्यभराचा सराव दिसतो.

गोंदियाच्या हवेत अडतीस अंश ही अडचण आहे आणि नाहीही. थंड देशांतले लोक पाणी तापवत बसतात. इथे मे महिन्यात गच्चीवरची सिंटेक्स टाकी असलं पाणी सोडते, की ते थंड करायला गोळेवाल्याकडून बर्फ आणावा लागतो. डिसेंबरात तेच पाणी हात बधिर करतं, तेव्हा बादलीत हीटरचा रॉड. वर्षातून थोडेच दिवस, एप्रिलच्या आगेमागे, दुपार व्हायच्या बेतात टाकीचं पाणी आपसूक अडतीसला येतं. त्याला काकाजी मुहूर्त म्हणतात. त्या मुहूर्तावर घरातल्या कोणी अंघोळ केली तर तो शत्रुपक्ष.

तापमान मोजायला ताप मोजायचाच थर्मामीटर. अडतीस सेल्सियस म्हणजे फॅरनहाइटमध्ये शंभर पॉइंट चार, नेमकं जिथून डॉक्टर ताप धरतात तिथे. त्यामुळे न्हाणीघरातून अधूनमधून ओरड ऐकू येते, "नव्याण्णव हाये... चढून रायला... आला, शंभर पॉइंट चार आला!" आणि पाठोपाठ आनंदाचा चीत्कार. एकदा गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या बाई तो ऐकून पॅरासिटामॉलची पट्टी घेऊन धावत आल्या. काकीनं त्यांना बसवलं, चहा दिला आणि म्हणाली, "यायले गोळी लागू पडत नाही बाई. आमी पाहून बसलो."

फिल्म रिळावर चढवायला पूर्ण अंधार लागतो. काकाजी रात्री न्हाणीघराचं दार लावून, वरून रजई पांघरून बसतात. मेमध्येही. घामेजल्या बोटांना फिल्म चिकटते, रिळावर सरकत नाही, आणि रजईच्या आतून जे शब्द ऐकू येतात ते दवाखान्यात त्यांच्या तोंडी कोणी ऐकले नसतील. वेळ मोजायला मोबाइल नको, तो ऐन वेळी वाजतो. कोडाक्रोमवाल्यांना ब्राह्म्स, तर यांना गणपतीची आरती. रिव्हर्सल बाथला एक, पहिल्या डेव्हलपरला तीन आणि वर मंत्रपुष्पांजली. काकीनं तिकडून टाळ्या वाजवल्या की लय वाढते आणि स्लाइड काळी येते, असा त्यांचा आरोप आहे.

काकी सहकार्य करत नाही, हे त्यांचं खरं दुःख. विज्ञानाचा इतिहास त्यांना पाठ आहे, पण तो सगळा सहकार्य करणाऱ्या बायकांचा. राँटजेननं १८९५ मध्ये पहिल्यावहिल्या एक्सऱ्यांपैकी एक काढला तो बायकोच्या हाताचा, अंगठीसकट. ती बिचारी हात ठेवून बसली. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा सरस्वतीबाईंनी सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळून फिल्मला भोकं पाडली, रसायनं कालवली, फिल्म धुतली, त्याआधी दागिने दिले ते वेगळेच. हे सांगताना काकाजींचा आवाज भरून येतो. काकी तांदूळ निवडता निवडता ऐकून घेते. मग म्हणते, "दागिन्याचं तुम्हीच काढलं म्हणून इचारतो. माह्या पैंजणाचं काय झालं?"

हे प्रकरण जुनं आहे. वापरलेल्या फिक्सरमध्ये फिल्मवरची चांदी उतरते आणि ती परत काढता येते, हे खरंच आहे; एक्सरेच्या वापरलेल्या फिक्सरला म्हणूनच गिऱ्हाईक असायचं. उत्साहाच्या भरात काकाजींनी काकीला वचन दिलं, की घरचा वापरलेला फिक्सर कॅनमध्ये साठवू आणि त्यातून पैंजण करू. कॅन भरत आला आहे. त्यातून आजवर फक्त वास निघाला.

काकाजींच्या बाजूनं एक मात्र सांगितलं पाहिजे. फसलेल्या रोलबद्दल त्यांनी कधी नशिबाला बोल लावला नाही. "१९३३ मधी 'सैरंध्री' रंगीत करायले शांतारामबापू जर्मनीले गेले होते," ते म्हणतात. "प्रभातसारखी कंपनी, जर्मन कारागीर, तरी रंग बिघडले. माहे गोंदियात बिघडले. जायचं-यायचं भाडं वाचलं."

फिल्म वाळताना दुसरं संकट येतं. आमचं गाव राइस मिलांचं. हवेत भुसा आणि कोंडा बाराही महिने, हंगामात तर जास्तच. बॅटरीच्या पाण्यात शेवटचं खंगाळून, शाम्पूचा थेंब लावून फिल्म टांगली, की कुठून तरी कोंड्याचा कण येऊन तिच्यावर बसतोच. निगेटिव्हवरची धूळ फोटोत पांढरी येते, स्लाइडवरची काळी. धूळ खाली बसावी म्हणून काकाजी आधी गरम पाणी सोडून न्हाणीघरात वाफ करतात आणि मग दार लावून घेतात. घरची मंडळी टॉवेल खांद्यावर घेऊन ओसरीवर बसतात. तरी प्रत्येक स्लाइडवर एखादा काळा ठिपका असतोच. "ही गोंदियाची सही," काकाजी म्हणतात.

मागच्या हिवाळ्यात त्यांनी सारस काढायचं मनावर घेतलं. महाराष्ट्रात सारस म्हटला की गोंदिया. इतरत्र तो जवळजवळ उरला नाही. माणसाच्या उंचीचा राखाडी पक्षी, डोकं-मान लालभडक, धानाच्या बांधीत जोडीनं फिरणारा. परसवाडा तलावाजवळ पहाटेपासून धुऱ्याआड बसून काकाजींनी जोडी टप्प्यात आणली. कॅमेरा डोळ्याला लावला. आणि खटका दाबायच्या आधी, सवयीनं, भरघोस आवाजात म्हणाले, "श्वास घ्या जी... रोखा!"

सारसांनी रोखला नाही. स्लाइडमध्ये जे आलं ते वरच्या कडेला लांबच लांब चार पाय आणि एक पंख. रोल भंडारा जिल्ह्याचा असल्यामुळे सगळ्यावर किरमिजी झाक. पक्षी मोजणाऱ्या पोरांना काकाजींनी ती अभिमानानं दाखवली. त्यांनी ती उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली, आपसात कुजबुज केली. शेवटी एकानं भीत भीत विचारलं, "काकाजी, जांभळी पाणकोंबडी हाये का जी?" दुसरा म्हणाला, "पण येवढे पाय?" काकाजींनी स्लाइड काढून घेतली. "रंग दवाईचा हाये. पाय सारसाचेच हायेत."

या किरमिजी झाकेवर त्यांनी इलाज शोधला, तो मात्र मानलाच पाहिजे. शेजारच्या मुनीमजींच्या घराची अंगणाकडची भिंत पिस्ता रंगाची आहे. हिरवट भिंतीवर किरमिजी स्लाइड टाकली, की एक रंग दुसऱ्याला खातो आणि चित्र जवळपास खऱ्यासारखं दिसतं. हे शास्त्राला धरून आहे. म्हणून मंडईच्या दिवसांनंतर, थंडी सुरू झाली की काकाजींचा स्लाइड शो त्या भिंतीवर होतो. प्रोजेक्टर बहुतेक कंपन्यांनी बनवणंच सोडलेलं आहे, आणि यांच्याकडे दिवा एकच शिल्लक, त्यामुळे तो लावायच्या आधी प्रत्येक स्लाइडवर लांबलचक भाषण होतं. दिवा लागतो, सगळे "आहा" म्हणतात, दिवा विझतो. दंडारीतल्या नाच्याची स्लाइड, कचारगडच्या यात्रेची स्लाइड, नवेगावबांधच्या पाण्याची स्लाइड, ती उलटी घातल्यामुळे पाणी वर. माणसांच्या स्लाइडी लगेच ओळखू येतात. सगळ्यांची छाती फुगलेली, डोळे वटारलेले. कोणीच अजून श्वास सोडलेला नसतो.

एक स्लाइड हाजरा फॉलची. ती पूर्ण काळी आहे. काकाजी दोन मिनिटं दरेकसाच्या जंगलाबद्दल बोलतात, दिवा लागतो, भिंतीवर अंधार पडतो, आणि सगळे तो आदरानं बघतात. गेल्या वर्षी एका लहान पोरीनं विचारलं, "धबधबा कुठी हाये?" काकाजी शांतपणे म्हणाले, "आत हाये. चांदी निघाली नाही अजून." हेही अगदीच थापेबाजीचं नाही. ब्लीच थकलेलं असलं तर चांदी फिल्ममध्येच राहते आणि चित्र झाकून टाकते. ताज्या ब्लीच-फिक्सरमधून पुन्हा काढली तर खालचे रंग वर येऊ शकतात. म्हणजे ताजं ब्लीच मिळालं, तर धबधबा निघण्याची शक्यता आहे. अडचण त्या "ताजं" शब्दात आहे.

यंदा मुनीमजींच्या घरी लग्न निघालं आणि भिंत गुलाबी करायचं ठरलं. काकाजी रंगाच्या डब्याचं झाकण उघडायच्या आत तिथे पोहोचले. गुलाबीवर किरमिजी म्हणजे सर्वनाश, हे त्यांनी मुनीमजींना उदाहरणांसह समजावलं. घराच्या बाकीच्या तीन बाजू गुलाबी झाल्या, अंगणाकडची पिस्ता राहिली. वरपक्षाला सांगितलं, तिकडे ओल आहे.

हे सगळं पुण्याला मुलाच्या कानावर गेलं. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे, गुणी आहे, बापाची कीव येऊन त्यानं वाढदिवसाला ई-सिक्सचं कोरं किट पाठवलं. सीलबंद बाटल्या, पाणी घातलं की तयार, आणि खोक्यावर दोन वर्षं पुढची तारीख. काकाजींनी ती तारीख चष्मा लावून वाचली, चष्मा काढून वाचली, मग मला वाचायला लावली. चेहऱ्यावर संकोच होता. रात्री वही काढून बसले. वहीत सात वर्षांचा हिशेब होता, अकरा वर्षांचा होता, एका पानावर तर एकोणीसचा होता. उणे दोन वर्षांचा नव्हता.

"थोडी नवी जुनीत टाकून पाहा न," काकी म्हणाली. "विरजणासारखी." मोठ्या लॅबमध्ये खरोखर असंच चालतं, वापरातल्या डेव्हलपरला ताजा डोस देत राहतात, काकीला हे कोणी सांगितलं नव्हतं. काकाजींनी तिच्याकडे पहिल्यांदाच शास्त्रज्ञाकडे पाहावं तसं पाहिलं, आणि मग मान हलवली. "भेसळ नाही जमत." हाजरा फॉलची काळी स्लाइड समोर ठेवून ते बराच वेळ नव्या ब्लीचची बाटली हातात फिरवत होते, पण सील काही तुटलं नाही. किट कपाटात वरच्या फळीवर गेलं.

पंधरा दिवसांनी मुलाचा फोन आला, तेव्हा मी तिथेच होतो. स्पीकर चालू होता.

"बाबा, किट वापरलं का नाही अजून?"

"कायची घाई हाये?" काकाजी म्हणाले. "त्याची मुदत तं संपू दे."